कोअरबूटमध्ये सीपीयू इनिट अडकतंय? कोडला हात लावण्याआधी या चुका टाळा

"बोर्ड मेलाय, सीपीयू इनिटच्या कोडमध्ये बग आहे." कोअरबूटसाठी (बायोसच्या जागी चालणारं मुक्त फर्मवेअर) मदत मागायला येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं; सीपीयू इनिट म्हणजे मशीन सुरू होताना प्रोसेसर कामाला लावणं. लॉग दाखव म्हटलं की लॉग नसतो, पण कोडमध्ये चार ठिकाणी बदल करून झालेले असतात. याचा मला खरंच वैताग येतो, कारण प्रोसेसर स्वतः सगळं सांगत असतो, फक्त त्याला आधी विचारायला हवं.

पहिली चूक तीच, लॉगशिवाय अंदाज बांधणं. स्क्रीन काळी आहे म्हणजे सीपीयू अडकला असं नसतं. स्क्रीन ग्राफिक्स इनिट झाल्यावर पेटते, त्याच्या आधी बूटब्लॉक, रॉमस्टेज, पोस्टकार (कोअरबूटचे एकामागून एक चालणारे टप्पे) एवढं सगळं होऊन गेलेलं असतं, आणि बाकीचे कोअर तर रॅमस्टेज या त्याच्या पुढच्या टप्प्यात जागे होतात. मशीन कुठल्या स्टेजला थांबलं तेच माहीत नसेल तर दुरुस्ती कशाची करणार? सिरियल पोर्ट असेल तर तो जोडा, नसेल तर ईएचसीआयचा (यूएसबी २.० चा कंट्रोलर) यूएसबी डिबग वापरा (त्याला ठरावीक पोर्टच चालतो, कुठलाही नाही), तेही नसेल तर कन्सोलचं आउटपुट एसपीआय फ्लॅशमध्ये (फर्मवेअर ठेवलेल्या चिपमध्ये) लिहायची सोय आहे, आणि काहीच नसेल तर पोर्ट ८० वाचणारं पोस्ट कार्ड (बूट कुठवर आलं त्याचा कोड दाखवणारं) तरी लावा. लॉगलेव्हल मी कायम ८ वरच ठेवतो, म्हणजे सगळ्यात तपशीलवार. सीबीमेम टूल (कोअरबूटचा लॉग वाचणारं) चांगलं आहे पण ते लिनक्सपर्यंत पोचलेल्या मशीनवर चालतं, त्याच्या आधीच गार पडलेल्या बोर्डावर ते चालवणार कुठे?

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार, मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या चुका दुरुस्त करणारा त्याचा अपडेट.

एका ओळखीच्याचा एलजीए ११५५ सॉकेटचा बोर्ड होता. त्याने सँडी ब्रिज प्रोसेसर काढून पुढच्या पिढीचा आयव्ही ब्रिज बसवला, सॉकेट तोच त्यामुळे बसला, बूटही झाला, आणि मग लोड आला की मशीन मधेच गोठायला लागलं, तेही कधी व्हायचं कधी नाही. त्याच्या नेहमीच्या लिनक्समध्ये सगळं व्यवस्थित, इन्स्टॉलर चालवला की गोठणार. पठ्ठ्याने ठरवून टाकलं की दुसरे कोअर नीट उठत नाहीयेत, आणि इनिट-सिपी-सिपी (दुसऱ्या कोअरना जागं करणारे सिग्नल) यांच्यामधले डिले वाढवत बसला. इनिटनंतर १० मिलिसेकंद आणि दोन सिपींमध्ये २०० मायक्रोसेकंद हे आकडे इंटेलच्या मॅन्युअलमधूनच आलेत, ते वाढवून काही बिघडत नाही पण सुधारतही नाही. शेवटी मी पूर्ण लॉग मागितला. त्यात सरळ लिहिलेलं होतं: सिग्नेचर (प्रोसेसरचं मॉडेल सांगणारा आकडा) ३०६ए९, मायक्रोकोडची रिव्हिजन ०, आणि त्याच्यापुढे 'अपडेट झालं' ही ओळच नाही. जुन्या कॉन्फिगमध्ये त्याने मायक्रोकोड बाहेरच्या फाइलवरून घ्यायला सांगितलं होतं आणि ती फाइल होती ०६-२ए-०७, म्हणजे सँडी ब्रिजची. आयव्ही ब्रिजला लागते ०६-३ए-०९. कोअरबूटने सिग्नेचर जुळत नाही म्हणून ती लोडच केली नाही, आणि बरोबरच केलं. नेहमीच्या लिनक्समध्ये का चालायचं, तर तिथे इनिटरामएफएसमधून (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टम) कर्नल स्वतः मायक्रोकोड टाकत होता, त्यामुळे फर्मवेअरची चूक झाकली जात होती.

त्यामुळे माझी सवय अशी की सीपीयूआयडीची सिग्नेचर आधी कागदावर लिहायची, मग लॉगमध्ये रिव्हिजन बघायची (एमएसआर ८बी या प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये तीच असते), मग सीबीएफएसटूलने (कोअरबूटची इमेज आतून दाखवणारं टूल) इमेज उघडून मायक्रोकोडची फाइल आत आहे का आणि कुणाची आहे ते तपासायचं. हे झाल्याशिवाय मी एक ओळ कोड बदलत नाही. मायक्रोकोड "नंतर बघू" म्हणून काढून टाकणारे पण भेटतात, त्यांना माझं सांगणं आहे की मायक्रोकोडशिवाय मिळालेल्या कुठल्याही बग रिपोर्टवर मी वेळ घालवत नाही.

'अननोन सीपीयू' म्हणून बूट थांबला की काहीजण कोडमधल्या ओळखीच्या प्रोसेसरच्या टेबलमध्ये आपला आयडी घुसवून मोकळे होतात. अरे, कोअरबूट आधी अचूक आयडी शोधतं, नाही सापडला तर स्टेपिंग (चिपची आवृत्ती) सोडून परत शोधतं, आणि तरीही ओळख पटली नाही म्हणजे त्या मॉडेलसाठी ड्रायव्हरच नाहीये किंवा तुम्ही चुकीचा बोर्ड निवडलाय. आयडी घातल्याने फक्त मेसेज जातो, पॉवर मॅनेजमेंट, एमएसआर वगैरे दुसऱ्याच चिपच्या हिशोबाने सेट होतात आणि मग पुढे काय बिघडेल ते शोधणं अवघड.

एएमडी झेनवर कॅश-अ‍ॅज-रॅमचे (रॅम सुरू होण्याआधी कॅशच रॅम म्हणून वापरणं) धडे लावू नका. तिथे एक्स८६ कोअर रिसेटमधून बाहेर यायच्या आधीच पीएसपीने (एएमडीचा आतला सुरक्षा प्रोसेसर) रॅम सुरू केलेली असते.

एफएसपीची (इंटेलचं तयार फर्मवेअर पॅकेज) बायनरी एका व्हर्जनची आणि हेडर दुसऱ्या व्हर्जनचे, हे करू नका.

सगळे कोअर दिसत नसतील तर कॉन्फिगमधला मॅक्स सीपीयूचा आकडा आधी बघा, थ्रेड धरून.

बूट होतं पण फार हळू? एमटीआरआर (मेमरीचा कुठला भाग कॅश करायचा ते सांगणारे रजिस्टर) बघा. फ्लॅशचा भाग कॅश होत नसेल तर प्रत्येक बाइट एसपीआयवरून ओढली जाते, सीबीमेमचे टाइमस्टँप बघितले की कुठे वेळ जातोय ते दिसतंच. आणि एमटीआरआर सगळ्या कोअरवर सारखे हवेत, नसले तर लिनक्स बूट होताना तशी तक्रार करतं, ती वॉर्निंग सोडून देऊ नका.

बोर्ड बदलला की जुना कॉन्फिग पुढे ओढू नका, डिस्टक्लीन (जुनं बिल्ड आणि कॉन्फिग पुसणारी कमांड) करून नव्याने सुरू करा. टूलचेन (कंपायलर वगैरे) कोअरबूटचीच बांधा, वेळ लागतो, लागू द्या, सिस्टमच्या कंपायलरवर बिल्ड करून आलेल्या विचित्र अडचणी घेऊन कुणाकडे जाऊ नका.

आणि घाई करणाऱ्यांसाठी खास: लिहिण्याआधी मूळ चिप फ्लॅशरॉमने (चिप वाचायचं-लिहायचं टूल) दोनदा वाचा, दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा, नाही जुळल्या तर चिपला लावलेली क्लिप नीट बसलेली नाही. चिप १.८ व्होल्टची आहे की ३.३ ची ते डेटाशीटमध्ये बघा. लिहून झाल्यावर व्हेरिफाय फेल झालं असेल तर त्या बोर्डाला पॉवर देऊन "सीपीयू इनिट अडकतंय" म्हणू नका, परत लिहा.