रानबदके पाहावीत कशी आणि रंगवावीत कशी

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव आणि येरळा नदीवरील येरळवाडीचा जलाशय ही हिवाळ्यात रानबदके पाहण्याची उत्तम ठिकाणे आहेत. सकाळी पूर्वेकडच्या काठावर बसावे, म्हणजे ऊन पाठीवर येते आणि पिसांचे खरे रंग दिसतात. बांधाच्या माथ्यावर उभे राहू नये. आकाशासमोर उमटलेली माणसाची आकृती बदके दुरूनच हेरतात. चरणे थांबवून त्यांनी एकदम माना उंचावल्या, तर एक पाऊलही पुढे न टाकता हळूच मागे सरकावे, कारण आपल्या चित्रापेक्षा त्यांचे चरणे महत्त्वाचे आहे.

प्रथम पेन्सिल बाजूला ठेवून दुर्बिणीतून केवळ पाहावे. शरीराचा किती भाग पाण्याखाली आहे, शेपटी उचललेली आहे की पाण्याला टेकलेली, मान कोठून निघते, हे ठरल्याशिवाय रेघ ओढू नये. नंतर एकाच पानावर अनेक लहान रेखाटने सुरू करावीत. पक्षी वळला की नवे रेखाटन घ्यावे आणि तो पूर्वीच्या स्थितीत आला, म्हणजे जुने पुढे न्यावे.

ओळख पटवताना रंगावर फार विसंबू नये. स्थलांतर करून आलेले अनेक नर हिवाळ्याच्या सुरुवातीस मादीसारखेच तपकिरी दिसतात; भुवई बदकाच्या नराची ठळक पांढरी भुवई तर बऱ्याचदा हिवाळा सरत आल्यावरच उमटते. थापट्या बदकाची फावड्यासारखी रुंद चोच मात्र नर-मादी दोघांतही लपत नाही. आपल्याकडे बारमाही राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके असतात.

जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्यावा. पांढऱ्या जागा कोऱ्या सोडून फिकट रंगाकडून गडद रंगाकडे जावे. चक्रवाक बदकाच्या अंगासाठी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे रंग पुरतात. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळल्यास सावलीचा करडा रंग मिळतो, आणि तो मला तयार काळ्या रंगापेक्षा कितीतरी जिवंत वाटतो. थंडीत पहाटे रंग सावकाश वाळतो, म्हणून ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याचे काम तेव्हाच उरकावे आणि पिसांच्या कडा ऊन वर आल्यावर काढाव्यात. प्रतिबिंबात गडद भाग किंचित फिकट आणि फिकट भाग किंचित गडद ठेवावा. डोळा सर्वांत शेवटी रंगवावा आणि त्यातील प्रकाशाचा ठिपका कोरा राखावा.