पाण्यात चालताय? जमिनीवरचे हिशेब काठावर ठेवा

गुडघे दुखतात म्हणून पाण्यात चालायला सुरुवात होते आणि थोड्याच दिवसांत कुरकुर ऐकू येते: वेग येत नाही, घाम येत नाही, घड्याळात हृदयाचे ठोके वाढत नाहीत. बहुतेकदा व्यायाम बरोबर असतो, चुकतं ते मोजमाप.

जमिनीइतका वेग धरण्याचा हट्ट

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. कमरेएवढ्या पाण्यात जमिनीच्या निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्याच्या वेगानेही साधारण तेवढीच ऊर्जा खर्च होते. म्हणून अंतर सोडा, मिनिटं मोजा. वेगाच्या नादात माणूस पुढे झुकतो, चवड्यांवर येतो, मग पोटऱ्या आणि कंबर भरून येते. पाठ सरळ, टाच आधी, पाऊल पूर्ण टेकलेलं, हात पायांच्या उलट हलते. एवढं सांभाळून जो वेग जमेल, तोच तुमचा वेग.

ठोक्यांचा जुना आकडा गाठणं

ही चूक सगळ्यात फसवी. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त वर छातीकडे ढकललं जातं. मानेपर्यंत पाण्यात असताना हे प्रमाण सुमारे ७०० मिलीलिटर असतं. हृदय जास्त भरतं, एका ठोक्यात जास्त रक्त पुढे लोटतं, त्यामुळे तेवढ्याच श्रमाला ठोके कमी पुरतात. खोल पाण्यात मिनिटाला १० ते १५ ठोक्यांचा फरक सहज पडतो. जमिनीचा आकडा गाठायला गेलात तर नकळत जास्त दमाल. त्यात पाणी गरम असेल तर ठोके उलट वाढतात, म्हणजे घड्याळावरचा भरवसा आणखी कमी. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही खूण पुरे. (रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच दबलेले असतात, त्या घेणाऱ्यांनाही हीच खूण.)

खोली न बघता उतरणं

स्थिर उभं राहिल्यावर कमरेएवढ्या पाण्यात पायांवर साधारण निम्मं वजन उरतं, छातीएवढ्या पाण्यात तिसरा हिस्सा, मानेपर्यंत दहावा. सांधा दुखत असेल तर थोडं खोल जा. पण छातीच्या वर गेलात की पाय तळावरून सुटतात आणि चालण्याचं नुसतं तरंगणं होतं. हाडं ठिसूळ होत असतील तर मात्र फक्त पाण्यावर विसंबू नका. हाडांना भार हवा असतो, आणि पाणी नेमका तोच काढून घेतं. झेपेल तेवढं जमिनीवरही चाला.

पाय दुखले नाहीत म्हणून वाढवत नेणं

जमिनीवर, विशेषतः उतारावर, स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालतात आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं मुख्यतः त्यातून येतं. पाण्यात हे काम फारच कमी. तेव्हा दुखलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं समजून एकदम वेळ दुप्पट करू नका.

घामाचंही तसंच: तो येतो, दिसत नाही. शिवाय पाण्यात बुडाल्यावर मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. आधी आणि नंतर पाणी प्या.

झटकन बाहेर येणं

दाब हटला की रक्त पुन्हा पायांत उतरतं आणि चक्कर येऊ शकते. शेवटची काही मिनिटं हळू चाला, कठडा धरून पायऱ्या चढा, वर आल्यावर क्षणभर थांबा. हृदय कमजोर असेल किंवा दम्यासारखा त्रास असेल, तर छातीएवढ्या पाण्यात उतरण्याआधीच डॉक्टरांना विचारा. तिथे श्वास घ्यायलाही जास्त जोर लागतो.