टर्बो सी सोडताना: विंडोज संगणकावर जीसीसीची कमांड-लाइन व्यवस्था कशी उभारावी

महाराष्ट्रातील कितीतरी विद्यार्थ्यांची सी भाषेशी पहिली ओळख टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर झाली आहे. तो डॉसच्या काळातला १६-बिट कंपायलर, म्हणजे सी भाषेतील प्रोग्रॅमचे संगणकाला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारे साधन, आहे. ६४-बिट विंडोज त्याला थेट चालवू शकत नाही, म्हणून त्याला डॉसबॉक्सच्या, म्हणजे डॉसचा आभास निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आत बसवावे लागते. टर्बो सीत ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकाराला दोनच बाइट मिळत असल्यामुळे ३२७६७ च्या पुढची संख्या मावत नाही, आणि ८ चे क्रमगुणित, म्हणजे फॅक्टोरिअल, काढायला सांगितले की ४०३२० ऐवजी उणे २५२१६ असे उत्तर येते. तर्क बरोबर असूनही आपलेच काहीतरी चुकले असे त्या विद्यार्थ्याला वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याच संगणकावर जीसीसी हा आजचा कंपायलर विनामूल्य आणि एका संध्याकाळात बसवता येतो. तो कसा, ते पुढे सांगितले आहे.

येथे वर्णन केलेली व्यवस्था विंडोजची स्वतःची आहे. विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय असली, तरी त्या लिनक्समध्ये नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला प्रोग्रॅम लिनक्ससाठीच असतो. आपल्याला हवी आहे ती थेट विंडोजवर चालणारी ईएक्सई फाइल, आणि त्यासाठी एमएसवायएस२ हा विंडोजवरील प्रोग्रॅमिंग-साधनांचा संच उत्तम आहे. त्याला ६४-बिट विंडोज १० किंवा ११ लागते. डिस्कवर तीन-चार गिगाबाइट जागा मोकळी ठेवावी.

पुढे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात. जेथे कॅपिटल अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे, आणि तो फरक काटेकोरपणे पाळावा.

संच बसवणे

एमएसवायएस२ डॉट ओआरजी या अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवून घ्यावा. तो चालवल्यावर सी ड्राइव्हमधील एमएसवायएस६४ हे फोल्डर सुचवले जाते, ते तसेच राहू द्यावे. जागा बदलायचीच असेल, तर मार्ग लहान असावा, त्यात मोकळी जागा नसावी आणि देवनागरी अक्षरेही नसावीत. ‘माझे प्रोग्रॅम’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये हा संच बसवला, तर पुढे अशा चुका दिसू लागतात की त्यांचे मूळ नावात आहे हे लवकर लक्षातही येत नाही.

बसवून झाल्यावर स्टार्ट मेनूत एमएसवायएस२च्या, कमांड टंकण्यासाठीच्या, अनेक खिडक्यांची नावे दिसतात. सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्यावे. ज्या नावात फक्त एमएसवायएस आहे, ती खिडकी संचाच्या अंतर्गत साधनांसाठी आहे. त्या साधनांसाठीच्या जीसीसीने तयार केलेला प्रोग्रॅम संचातील एका खास डीएलएल फाइलवर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाइलवर, अवलंबून राहतो. ज्या नावात यूसीआरटी६४ आहे, ती आपली खिडकी. यूसीआरटी हा विंडोज १० पासून विंडोजबरोबरच येणारा सी भाषेचा मूलभूत ग्रंथालय-संच (लायब्ररी) आहे, त्यामुळे या खिडकीतून तयार होणारा प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने विंडोजचा असतो. खिडकी उघडल्यावर ओळीत जांभळट रंगात यूसीआरटी६४ असे लिहिलेले दिसते का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

अद्ययावत करणे आणि कंपायलर आणणे

या संचात पॅकेजे आणण्याचे काम पॅकमन ही कमांड करते. पहिली कमांड अशी: पॅकमन, मग एक मोकळी जागा, मग वजाचे चिन्ह आणि त्याला लागून कॅपिटल एस, लहान वाय, लहान यू. यामुळे सर्व पॅकेजे अद्ययावत होतात. मध्येच सर्व खिडक्या बंद कराव्या लागतील असा प्रश्न आला तर वाय असे उत्तर द्यावे, खिडकी बंद होऊ द्यावी आणि ती पुन्हा उघडून तीच कमांड आणखी एकदा चालवावी. खिडकी अचानक बंद झाल्यामुळे काही बिघडले असे समजू नये. संचाचा गाभा बदलताना तसे व्हावेच लागते.

यूसीआरटी६४साठीच्या जीसीसी पॅकेजचे नाव लांबलचक आहे आणि ते पाठ करण्याची मुळीच गरज नाही. पॅकमन, वजा, कॅपिटल एस, लहान एस, मग जागा सोडून यूसीआरटी आणि जीसीसी हे दोन शब्द लिहून शोध घ्यावा. आलेल्या यादीत ज्या नावाचा शेवट नेमका ‘x86_64-gcc’ असा होतो, ते माउसने निवडावे. पुढची आवृत्तीची संख्या सोडून द्यावी. या खिडकीत मजकूर निवडताच तो कॉपी होतो आणि शिफ्ट व इन्सर्ट या कळांनी चिकटवता येतो. कंट्रोल-सी येथे कॉपी करत नाही, चालू काम थांबवते. आता पॅकमन, वजा, कॅपिटल एस, जागा सोडून चिकटवलेले नाव, आणि एंटर. याच रीतीने चुका शोधण्यासाठी जीडीबीही आणावा. नुसते ‘जीसीसी’ एवढेच नाव देऊन पॅकेज मागवू नये, कारण मग वर सांगितलेला अंतर्गत साधनांचा कंपायलर येतो.

कोणता जीसीसी चालतो आहे?

यूसीआरटी६४च्या खिडकीत ‘व्हिच जीसीसी’ ही कमांड द्यावी. उत्तरात यूसीआरटी६४ आणि बिन ही फोल्डरे दिसली पाहिजेत. यूएसआर आणि बिन दिसले, तर चुकीची खिडकी उघडली आहे किंवा चुकीचे पॅकेज आले आहे.

विंडोजच्या नेहमीच्या कमांड प्रॉम्प्टमध्येही जीसीसी हवा असल्यास पाथ, म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत कमांड शोधते त्यांची यादी, बदलावा लागतो. स्टार्ट मेनूत ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ असे शोधून आपल्या खात्याच्या यादीतील पाथ हा घटक उघडावा आणि त्यात एमएसवायएस६४मधील यूसीआरटी६४ या फोल्डरच्या आतल्या बिनचा पूर्ण मार्ग नवी ओळ म्हणून भरावा. तो मार्ग फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीतून उचलला तर टंकलेखनाची चूक होत नाही. यूएसआरमधील बिन मात्र पाथमध्ये टाकू नये. त्यात फाइंड आणि सॉर्ट या नावांची साधने आहेत, आणि त्याच नावांच्या विंडोजच्या कमांड वेगळे काम करतात. आधीपासून उघडलेल्या खिडकीला हा बदल कळत नाही, म्हणून नवी खिडकी उघडून ‘व्हेअर जीसीसी’ असे विचारावे. पॉवरशेलमध्ये व्हेअर या शब्दाचा अर्थ निराळा असल्याने तेथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असे पूर्ण लिहावे. एकाहून अधिक मार्ग आले तर सर्वांत वरचा चालतो. तो जुन्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला असेल, तर पाथमधील क्रम बदलावा.

पहिला प्रोग्रॅम

फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलनावांची एक्स्टेन्शन दिसतील अशी सोय आधी चालू करावी, नाहीतर नोटपॅडमध्ये जतन केलेली ‘फॅक्ट डॉट सी’ प्रत्यक्षात ‘फॅक्ट डॉट सी डॉट टीएक्सटी’ होऊन बसते. पहिला प्रोग्रॅम म्हणून ८ चे क्रमगुणितच काढावे. कंपाइल करताना जीसीसीनंतर वजा, कॅपिटल डब्ल्यू आणि त्याला लागून ए-एल-एल हा पर्याय न चुकता द्यावा, कारण त्यामुळे कंपायलर शंकास्पद जागा स्वतःहून दाखवतो. त्यानंतर जीडीबीसाठी वजा जी, मग वजा ओ व ईएक्सई फाइलचे नाव, आणि शेवटी सी फाइलचे नाव. यूसीआरटी६४च्या खिडकीत तयार प्रोग्रॅमच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ (/) द्यावी. ४०३२० हे उत्तर येईल.

लगेच १३ चे क्रमगुणितही काढून पाहावे. येथे इंट चार बाइटांचा आहे, त्यात २१४७४८३६४७ पर्यंतच संख्या मावते, आणि १३ चे क्रमगुणित ६२२७०२०८०० आहे. त्यासाठी ‘लाँग लाँग’ वापरावे. नुसते ‘लाँग’ ६४-बिट विंडोजवरही चारच बाइटांचे असते, लिनक्सवर मात्र आठ. पुस्तकात लिनक्सचे उदाहरण असेल तर हा फरक हमखास अडवतो.

टर्बो सीमधील जुने प्रोग्रॅम आणताना ‘व्हॉइड मेन’चे ‘इंट मेन’ करावे आणि ‘सीएलआरएससीआर’ ही पडदा पुसणारी ओळ काढून टाकावी. आणखी एक अडचण अशी की ‘संख्या द्या’ ही प्रिंटएफची ओळ दिसण्याआधीच प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत थांबू शकतो. या खिडकीत छापायचा मजकूर साठून राहतो, म्हणून प्रिंटएफनंतर एफफ्लशला एसटीडीआउट देऊन बोलवावे, किंवा तो प्रोग्रॅम कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवावा.

प्रोग्रॅम मित्राच्या संगणकावर द्यायचा असेल, तर आधी यूसीआरटी६४च्या खिडकीत ‘एलडीडी’ कमांडला ईएक्सईचे नाव द्यावे. कोणकोणत्या डीएलएल लागतात त्याची यादी येते. त्यात एमएसवायएस-२.० हे नाव असेल तर चुकीचा कंपायलर वापरला गेला आहे. यूसीआरटी६४च्या बिनमधील फाइली असतील, तर कंपाइल करताना वजा स्टॅटिक हा पर्याय जोडावा. मग ईएक्सई आकाराने वाढते, पण मित्राच्या विंडोजवर एमएसवायएस२ नसतानाही ती चालते.