मुंबईचा रस्ता आणि घाटापलीकडची माती, दोन्हींना चालेल असा बाइकचा टायर कसा निवडावा

दुकानात जाण्याआधी घरी बसून एक हिशेब करा. माझाच सांगतो. मुलुंड ते लोअर परळ, जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर. महिन्याचे २२ दिवस धरले तर ११००. एखाद्या रविवारी मुरबाडमार्गे माळशेज, म्हणजे आणखी २५०. त्यात धरणाकडेचा मुरूम, वाडीवर जाणारी कच्ची वाट असं सगळं मिळून १५ किलोमीटर. १३५० मध्ये १५, म्हणजे एक टक्का आणि वर चिमूटभर.

आणि या एका टक्क्यासाठी मी माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ बाइकला चक्क बटण टायर घातले होते. उभे राठ ठोकळे, मधे बोट जाईल एवढ्या खाचा. सोसायटीतली पोरं येऊन हात लावून बघायची. जूनची पहिली सर आली, विक्रोळीला सिग्नलजवळ पेव्हर ब्लॉकवर पुढचा ब्रेक जरासा दाबला आणि गाडी माझ्या आधी आडवी. वेग वीससुद्धा नसेल. मागचा रिक्षावाला हात देत म्हणाला, "भाऊ, टायर तर लय भारी आहेत की!"

तेव्हा पहिली पायरी हीच: मागच्या दोन महिन्यांचे किलोमीटर मांडा. डांबर आणि काँक्रीट किती, माती किती. मनातलं लडाख त्यात धरू नका.

कच्च्यावर बटण टायर का चालतो आणि सिग्नलला का घसरतो, यामागचं कारण एकच आहे. बटण मातीत रुततं, कड धरतं आणि गाडी पुढे ढकलतं. काँक्रीटमध्ये ते रुतणार कुठे? तिथे पकड येते ती टेकलेल्या रबरातून, आणि बटण टायरचं टेकणारं रबर मुळातच कमी. शिवाय ब्रेक मारला की उंच बटणं मुडपतात, म्हणून वळणावर गाडी पायाखाली हलल्यासारखी वाटते. रुंद खाचांतून पाणी निघून जातं हे खरं, पण आपल्याकडचं संकट नुसत्या पाण्याचं नसतं. पहिल्या पावसात वर येणारं तेल, झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, गटाराची झाकणं, मेट्रोच्या कामावर टाकलेले लोखंडी पत्रे, या सगळ्यांवर रबर लागतं, खाच नव्हे.

कंपन्या ८०-२०, ७०-३०, ५०-५० असे आकडे सांगतात. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा मातीचा. हे कुठल्या सरकारी चाचणीतून आलेले गुण नाहीत, ज्याने-त्याने आपल्या टायरला लावलेली चिठ्ठी आहे. एकाचा ७०-३० दुसऱ्याच्या ५०-५० सारखा निघू शकतो. त्यापेक्षा दुकानात अंगठा वापरा. टायरच्या मधल्या पट्ट्यावर अंगठा आडवा ठेवा आणि टायर हळूहळू फिरवा. बहुतेक वेळ अंगठ्याखाली रबरच येत असेल, खाचा अरुंद असतील, तर तो रोजच्या मुंबईला चालणारा टायर. अंगठा सारखा खाचेत उतरत असेल तर तो मातीचा. मग कडेचे ठोकळे बघा: मधे भरीव पण खांद्याला मोकळे ठोकळे असलेला टायर ओल्या मुरमावर बरीच साथ देतो. माझ्यासारखा हिशेब असेल तर हाच घ्या. कॉन्टिनेंटलच्या टीकेसी ८० सारखे ठोकळेवाले टायर महिन्यातून दोन-तीनदा खरोखर कच्च्यावर जाणाऱ्यांनी घ्यावेत, आणि मागचा टायर लवकर झिजेल हे आधीच मान्य करून घ्यावेत. माझा पाच हजार किलोमीटरमध्ये मधोमध सपाट झाला होता.

पुढे जास्त ठोकळ्यांचा आणि मागे रस्त्याचा अशी जोडीही लोक लावतात. पुढचा कमी झिजतो आणि मातीत दिशा तोच देतो, म्हणून. मला ते मुंबईच्या पावसाळ्यात पटत नाही, कारण सिग्नलला गाडी थांबवायचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. जोडी एकाच जातीची ठेवावी.

आता टायरच्या अंगावरचं लिखाण वाचू. हिमालयन ४११ च्या मागच्या टायरवर १२०/९०-१७ ६४ एस असं असतं. १२० ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ९० म्हणजे उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर. १७ हा रिमचा व्यास, इंचात. ६४ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ २८० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. शेवटच्या अक्षराने मुंबईकराने झोप उडवून घेऊ नये. ईस्टर्न फ्रीवे, सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, पुण्याचा एक्सप्रेसवे, कुठेच आपल्याला प्रवेश नाही. आपण आपले एलबीएस मार्गावर नाहीतर सायन-पनवेलला. तरी कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका. वजनाच्या आकड्याच्या तर अजिबात नको. मागे माणूस, दोन बाजूंना बॅगा आणि टाकी भरलेली, हे सगळं त्या रबरावरच बसतं.

मापाच्या बाबतीत दुकानदार एक मोह घालतो: "दादा, मागे १४० टाका, मस्त भरदार दिसेल." दिसेल. पण १२० साठीच्या रिमवर १४० बसवला की टायरच्या कडा आत ओढल्या जातात, माथा गोल होतो आणि सरळ चालताना रस्त्याला टेकतो फक्त मधला पट्टा. साखळीला घासायची भीती वेगळी. उंचीही बदलू नका. ९० च्या जागी ८० घेतला तर बाजूची उंची १०८ वरून ९६ वर येते आणि आख्ख्या चाकाचा व्यास २४ मिलिमीटरने कमी होतो. स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोघेही चाकाच्या फेऱ्या मोजून काम करतात, त्यांचा हिशेब चुकतो.

पुढच्या २१ इंची चाकाची अडचण वेगळीच. हिमालयन असो की हिरोची एक्सपल्स २००, पुढचं माप ९०/९०-२१. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे ही ट्यूब बहुधा नसते. म्हणून तारांची, ट्यूबवाली चाकं असतील तर एक २१ इंची ट्यूब सोबत ठेवायचीच. अडीनडीला ती मागच्या चाकातही कोंबून घरापर्यंत येता येतं. मागची पुढे बसवायचा प्रयत्न मात्र करू नका. तारांच्या साध्या रिमवर ट्यूबलेस टायर बसतो, पण आत ट्यूब घालावीच लागते, कारण तारांच्या भोकांतून हवा जाते. टायरवर ट्यूबलेस लिहिलंय म्हणून चाक ट्यूबलेस होत नाही.

पैसे देण्याआधी बाजूवर चार आकड्यांचा छोटा चौकोन शोधा. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. हा चौकोन मी एकदा बघितला नाही. "सूट देतो" म्हणून एका दुकानाने गळ्यात मारलेला टायर चार वर्षं जुना निघाला. नक्षी कोरी, रबर मात्र वाळलेल्या बोंबलासारखं. वर्षभराच्या आतला मागा. नसेल तर थांबा.

बसवताना समोर उभे राहा. बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेला हवा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हशी यावा, कारण ती टायरची हलकी जागा. ट्यूबवालं चाक असेल तर व्हॉल्व्हची बारीक नट रिमला आवळून टाकायला लावू नका, ती वर टोपीला टेकवून ठेवा. टायर रिमवर सरकायला लागला की व्हॉल्व्ह तिरका होतो आणि तुम्हाला आधीच दिसतो. नट आवळलेली असली तर तो बुडातून फाटतो आणि मग ठिगळही लागत नाही. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, नव्या टायरचा वरचा तुकतुकीत थर पावसात फार बनेल असतो.

मग उरतो तो एक टक्का. तो टायर बदलून नाही, हवा कमी करून भागवायचा. कच्चं सुरू झालं की गाडीच्या स्टिकरवरच्या आकड्यातून चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) काढा. टायर जरा पसरतो, खडीवर उसळत नाही. ट्यूबवाल्या चाकात मी २० च्या खाली जात नाही, कारण मग दगड आणि रिमच्या मधे ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. हवा मोजायची ती टायर गार असताना आणि स्वतःच्या मीटरने, पेट्रोल पंपावरच्या नळीवर भरवसा ठेवून नव्हे. परतताना डांबर लागलं की पहिल्या टपरीवर चहा सांगायचा आणि तो येईपर्यंत बॅटरीच्या छोट्या पंपाने हवा पुन्हा होती तेवढी करायची. मऊ टायरवर ताशी ८० ने मुरबाड रस्ता कापत यायचं नाही. माझ्या पंपाला दोन्ही चाकांना मिळून सात-आठ मिनिटं लागतात. चहालाही तेवढीच.