इंग्रजीत पार्ट ऑफ स्पीच (शब्दाची जात) ओळखायची सोपी युक्ती
शब्द सुटा बघून उत्तर दिलं की मुलं हमखास चुकतात, कारण फास्ट हा एकच शब्द चार प्रकारे येतो, म्हणून आधी अख्खं वाक्य वाचायचंच.

१. वाक्य भूतकाळात न्या, बदलेल तो व्हर्ब (क्रियापद). 'शी फास्ट्स ऑन मंडेज' म्हणजे ती सोमवारी उपवास करते, त्याचं फास्टेड होतं.
२. मग मराठीत प्रश्न विचारा. 'फास्ट ट्रेन', कसली ट्रेन? अ‍ॅडजेक्टिव्ह (विशेषण). 'द ट्रेन रन्स फास्ट', कशी धावते? अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषण). माझ्या भाचीला हे दोन प्रश्न पेन्सिलने वहीच्या कोपऱ्यात लिहून दिलेत, खूप फरक पडला.
३. 'हर फास्ट एंडेड', काय संपलं? उपवास, म्हणजे नाउन (नाम).

फक्त शेवटी 'ली' दिसलं की डोळे झाकून अ‍ॅडव्हर्ब लिहू नका, फ्रेंडली आणि लव्हली अ‍ॅडजेक्टिव्ह आहेत.