रिपोर्ट यायचा असतो तेव्हा देवावर भरवसा कसा ठेवायचा

गुरुवारी आमच्या यांच्या छातीच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट मिळणार आहे. आज सोमवार. सव्वीस वर्षं यांनी फौंड्रीत मोल्डिंगचं काम केलं, वाळूत उभं राहून. दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. आता रात्रीची वॉचमनची ड्युटी करतात, आणि गेल्या महिन्यापासून जिना चढताना मध्येच थांबायला लागलेत. एक्स-रेत डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची धूळ असेल, दुसरंही काही असेल, स्कॅन बघितल्याशिवाय मी बोलणार नाही.

रिपोर्ट येण्याआधीच मी हे लिहायला बसले, त्याला कारण आहे. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण सगळे शेवट कळलेली गोष्ट सांगतो. आजार बरा झाला, नोकरी लागली, प्रभूची स्तुती असो. ऐकणारा मात्र बऱ्याचदा गोष्टीच्या मध्यावर असतो. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर वायल्डर मेमोरियल चर्चच्या पायरीवर एका मुलीनं माझा हात धरला. नवरा कंत्राटावर, हिला पाचवा महिना. म्हणाली, "काकी, भरवसा ठेव म्हणतात सगळे. ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?" चपला घालता घालता मला तिला उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

आधी एक कागद घ्या आणि त्याच्या मधोमध उभी रेघ मारा. हे मी पुरात शिकले.

आम्ही शाहूपुरीत भाड्यानं राहतो, जयंती नाल्याच्या अंगाला. कोल्हापुरात पावसाळ्यात लहान पोरालासुद्धा दोन आकडे पाठ असतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी रात्रभर फोन हातात घेऊन बसले होते. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, बंधाऱ्यावर किती फूट किती इंच, दर दहा मिनिटांनी बघायचं. एक इंच वाढला की पोटात गोळा. तोंडानं "प्रभू, प्रभू" चाललं होतं, पण डोळे आकड्यावर. पहाटे पाणी दारात आलं, तेव्हा माझं शिलाई मशीन खालीच होतं आणि गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाऊज कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं त्या वर्षी. मशीन गेलं, ब्लाऊज गेले. रात्रभर जागून मी ना धड प्रार्थना केली होती, ना धड काम.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तेच पाणी. त्या वेळी पावसाळ्याआधीच मी एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. ३९ ला रेशन कार्ड, आधार, भाडेकरार, बँकेची पुस्तकं दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधायची. ४१ ला मशीनचं डोकं स्टँडवरून काढून माळ्यावर, गिऱ्हाइकांचे कपडे वरच्या मजल्यावर. ४३ ची वाट न बघता नणंदेकडे आर. के. नगरला. आकडा दिवसातून दोनदाच बघायचा, सकाळी आठला आणि रात्री आठला. एक एक काम उरकलं की पुठ्ठ्यावर खूण करायची आणि म्हणायचं, "प्रभू, माझ्याकडचं झालं. पुढचं पाणी तुझं." पाणी घरात आलंच. ते थांबलं अशी साक्ष मी देणार नाही, कारण ते थांबलं नाही. पण मशीन वाचलं, आणि नणंदेच्या घरी मी झोपले. पुरात झोप लागणं म्हणजे काय, ते शाहूपुरीतल्या माणसाला विचारा.

तसाच कागद मी आता केलाय. डाव्या बाजूला गुरुवारपर्यंत माझ्या हातात आहे ते: जुने एक्स-रे शोधून फाईल लावणे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिणे, यांनी किती वर्षं कुठल्या खात्यात काम केलं ते तारखांसकट लिहिणे (डॉक्टरांनी मागितलंय), लेकीला सांगणे, सहा ब्लाऊज बुधवारपर्यंत देणे. उजव्या बाजूला माझ्या हातात नाही ते: डाग कशाचा आहे, औषधानं जाईल का, पुढच्या वर्षी घर कशावर चालेल, मी एकटी राहीन का.

डावी बाजू करायची. उजवी बाजू देवाला मोठ्यानं वाचून दाखवायची. एक एक ओळ, नावानिशी. "सगळं तुझ्या हाती सोपवते" असं एका वाक्यात गुंडाळू नका. गठ्ठा देवाकडे दिला असं आपल्याला वाटतं आणि रात्री तो आपल्याच उशाशी असतो. प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं की कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानत, आपल्या मागण्या देवाला कळवा. हे त्यानं बेड्यांत असताना लिहिलं. त्याच्या खटल्याचा निकाल लागायचा होता. "मी एकटी राहीन का" ही ओळ मोठ्यानं वाचताना परवा माझा आवाज फुटला. फुटू दे. जुन्या करारातली हन्ना मंदिरात मूल मागत होती, तिचे तर नुसते ओठ हलत होते, आणि याजकाला वाटलं ही प्यालेली आहे. देवाला कळलं होतं.

आता वचनाबद्दल. अशा वेळी प्रत्येक जण तुम्हाला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ पाठवेल. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, असं प्रभू म्हणतो, ते वचन. आमच्याही भिंतीवर आहे, चौकटीत. माझ्या लग्नात मिळालंय. पण हात जोडून सांगते, तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. ते एक पत्र आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं ज्यांना धरून बाबेलला नेलं, त्यांना यिर्मयानं यरुशलेमेहून लिहिलेलं. लोकांना एकच माहीत करून घ्यायचं होतं, परत कधी जायचं? त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो, दोन वर्षांत! बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं जूसुद्धा तो मोडून टाकतो. ऐकणाऱ्यांना किती बरं वाटलं असेल! आणि देव यिर्मयाकडून सांगतो सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण तिथंच मरणार. त्यांना देव काय करायला सांगतो? घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लेकरांची लग्नं करा. ज्या नगरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. हिताच्या संकल्पांची गोष्ट त्यानंतर येते.

मला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली. तारीख न सांगता देव काम सांगतो. कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही दोघं रोज विचारत होतो, दुसरी नोकरी कधी. त्या वर्षी मी मशीनला नवी मोटर बसवली आणि पिको-फॉलचं काम घ्यायला लागले. तेव्हा ते मला विश्वासाचं काम वाटलंच नव्हतं. मळे लावणं ते हेच होतं.

मागच्या आठवड्यात ओळखीच्या एका भावांचा फोन आला. म्हणाले, "ताई, तीन दिवसांत डाग जाणार, प्रभूनं मला दाखवलंय." मन चांगलं होतं त्यांचं. मी त्यांच्या प्रार्थनेबद्दल आभार मानले आणि तारीख त्यांच्याकडेच राहू दिली. तुम्हीही तसंच करा. कुणी प्रार्थना देईल ती घ्या, कुणी दिवस मोजून देईल तो घेऊ नका. आणि कुणी म्हणालं की खरा विश्वास असेल तर दवाखान्यात जायचं नाही, तर त्या माणसापासून उठून या. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

यिर्मयाचं पुस्तक हातात आहेच तर बत्तिसावा अध्यायही वाचा. बाबेलच्या सैन्यानं शहराला वेढा घातलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, माझं अनाथोथचं शेत विकत घे. वेढ्यातल्या गावाजवळचं शेत! देव म्हणतो, घे. यिर्मया १७ शेकेल वजनाचं रुपं, म्हणजे चांदी, तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर मोहर करतो आणि आपला लेखनिक बारूखला सांगतो, हे मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. मी कुंभार गल्लीच्या शेजारी राहणारी बाई. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद बांधताना मला ते मडकं डोळ्यांपुढे दिसतं. आणि व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थनेत काय म्हणतो ते नक्की बघा. तो म्हणतो, प्रभू, शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घे म्हणतोस? आधी पैसे मोजले, मग विचारलं. मनात प्रश्न असताना हात चालू शकतो. मन शांत होईल, मग भरवसा ठेवीन, असं म्हणून थांबलेल्या खूप बायका मी बघितल्यात.

बेत करताना माया सोडा, म्हणजे शिवणीत सोडतात तसं जादा कापड. शिवणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. ब्लाऊज शिवताना बाजूच्या शिवणीत मी दीड इंच माया ठेवते. अंगाबरोबर कापून टाकलं की पुढं उसवून काही करता येत नाही. याकोबानं आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात व्यापाऱ्यांना तेच सुनावलंय. आज किंवा उद्या अमक्या गावी जाऊ, वर्षभर राहू, कमवू, असं म्हणता, पण उद्या काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही. प्रभूची इच्छा असेल तर, असं म्हणा. बेत करू नका असं तो म्हणत नाही. आमच्या लेकीचा साखरपुडा डिसेंबरात ठरलाय. यांच्या छातीचं कळल्यावर मी व्याह्यांकडे गेले आणि सगळं उघड सांगितलं. तारीख ठेवली. हॉलला मात्र जो ॲडव्हान्स परत मिळत नाही तो भरला नाही. विहीणबाई म्हणाल्या, "ताई, वेळ पडली तर तुमच्या अंगणात चटई टाकून करू." मी सांगितलंच नसतं तर हे वाक्य मला मिळालं नसतं. तेव्हा काळजी लपवू नका. एक-दोन माणसांना खरं सांगा. सगळ्या मंडळीला नको, पण एक-दोघांना नक्की.

रात्रीचं वेगळं सांगते, कारण दिवस कामात जातो. हे ड्युटीवर असतात, दोन वाजता मला जाग येते. तेव्हा अंथरुणात पडून विचार करायचा नाही. उठायचं, पाणी प्यायचं, मशीनच्या खुर्चीवर बसायचं. प्रभूची प्रार्थना म्हणायची, पण हळू, आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथं थांबायचं. त्यातल्या "आज" वर. अरण्यात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळायचं ते रोजचं रोज. सकाळपर्यंत राखून ठेवलं की त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा होती, आणि ते मात्र नासत नसे. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला भाकर देणाऱ्या सारफथच्या विधवेचं मडकंही देवानं काठोकाठ भरलं असं लिहिलेलं नाही. त्यातलं पीठ सरलं नाही, इतकंच लिहिलंय. तिनं रोज मडक्यात हात घातला असेल तेव्हा तळाशी तेवढंच दिसत असेल. मी रात्री दोन वाजता देवाकडे पुढच्या वर्षाचं बळ मागत होते. ते मिळत नव्हतं. आता सकाळपर्यंतचं मागते. ते मिळतं.

काही रात्री तेही जमत नाही. तेव्हा तेरावं स्तोत्र उघडा. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर, हे परमेश्वरा? आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फारसं लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या, पण हे स्तोत्र त्यांना तोंडपाठ होतं. मामंजी तीन वर्षं अंथरुणावर होते तेव्हा रोज संध्याकाळी त्या चुलीपुढं ते म्हणायच्या. तेव्हा मला वाटे, ही तक्रार देवापुढं कशी चालते. ती पवित्र शास्त्रात छापलेली आहे, म्हणजे चालते.

आणि गेथशेमाने विसरू नका, येशूनं धरलं जाण्याच्या रात्री जिथं प्रार्थना केली ती जागा. प्रभूनं स्वतः तीनदा मागितलं, हा दुःखाचा प्याला टळून जावो. मीही मागते. डाग साधा निघावा असं स्वच्छ शब्दांत मागते. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे त्याच्यापुढं म्हणते, त्याच्याऐवजी नाही.

आता साडेनऊ झालेत. यांचा डबा मघाशीच भरला, दोन भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. जाताना जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबले आणि वळून बघितलं. मी म्हटलं, "सावकाश." ते म्हणाले, "गुरुवारी किती वाजता?" अकराला. फाईल टेबलावर आहे. सहातले चार ब्लाऊज झालेत, पाचव्याच्या बाह्या लावायच्या राहिल्यात.