स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं आणि का

स्लॅब "वाळला" असं आपण सगळेच म्हणतो, पण सिमेंट वाळून घट्ट होतच नाही, ते पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन घट्ट होतं.

माल कालवला की दोनेक तास फारसं काही घडत नाही, तेवढ्यात ओतून घ्यायचा (सिमेंटमधे जिप्सम असतं म्हणून हा वेळ मिळतो, नाहीतर त्यातलं अ‍ॅल्युमिनेट काही मिनिटांत सगळं आवळून टाकेल). मग सिमेंटमधला मुख्य घटक, ट्रायकॅल्शियम सिलिकेट, जोरात सुरू होतो, माल गरम होतो, आणि कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटची जेल आणि चुना तयार होतो. ताकद मुख्यतः या जेलची. पण हीच जेल सिमेंटच्या कणावर साल धरते, आतला गाभा कोराच राहतो, आणि पुढचं पाणी त्या सालीतून झिरपत झिरपत आत जातं म्हणून एकदोन दिवसांनंतर सगळं हळू चालतं, सिमेंटमधला दुसरा घटक, डायकॅल्शियम सिलिकेट, तर महिनोनमहिने घेतो. काँक्रीटच्या आतली आर्द्रता साधारण 80 टक्क्यांखाली गेली की हे काम जवळपास थांबतं.

तर करायचं काय, माल कालवताना पाणी मोजून घाला, 50 किलोच्या पोत्याला 22-23 लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल सैल व्हावा म्हणून मिस्त्री पाइप सोडतात ते अजिबात करू देऊ नका, जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. ओतून झाल्यावर ऊन असेल तर प्लास्टिक झाका, दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते दिवसभर ओलं ठेवा, आमच्याकडे पश्चिमेच्या कॉलमचं गोणपाट मे महिन्यात तासाभरात कोरडं व्हायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारून तिथे काही होत नाही.

दिवस किती, तर आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे ओपीसीला (साधं पोर्टलँड सिमेंट) कमीत कमी 7, पीपीसीला (फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मिसळलेलं सिमेंट) किंवा कडक उन्हाळ्यात कमीत कमी 10. पीपीसीला मी 14 च म्हणेन, कारण त्यातली फ्लाय अ‍ॅश आधी तयार झालेल्या चुन्याशी रिअ‍ॅक्ट होते, तिची पाळीच उशिरा येते.

आणि सेंट्रिंगवाला टेकू काढायची घाई करेल, दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबला ओपीसी असेल तर 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14, पीपीसीला अजून थांबा, इंजिनियरला विचारल्याशिवाय एकही टेकू हलवू देऊ नका.